चौतीस पायऱ्या आणि एक नळ

पायरीबाई विशेष शिक्षणाच्या क्षेत्रात आल्या त्या रांगेमुळे. हे त्या स्वतःच सांगतात, आणि सांगताना जराही ओशाळत नाहीत. त्यांना व्हायचं होतं साधी गणिताची शिक्षिका. प्रवेशाच्या दिवशी विद्यापीठात दोन खिडक्या उघड्या होत्या. एकीपुढची रांग दारातून बाहेर पडून जिना उतरून पार सायकलींच्या शेडपर्यंत गेलेली. दुसरीपुढे चिटपाखरू नाही, आत फक्त एक कारकून पेन्सिलीला टोक काढत बसलेला. नव्या चपलेनं बाईंची टाच सोलून निघाली होती. त्या लंगडत रिकाम्या खिडकीशी गेल्या आणि म्हणाल्या, "इथे कसला फॉर्म मिळतो?"

कारकुनानं मान वर केली. सकाळपासून पहिलंच माणूस दिसलं असावं. "तुम्ही आधी बसा हो," तो म्हणाला, आणि आतून स्वतःची खुर्ची उचलून बाहेर आणून दिली.

खुर्ची मिळाल्यावर माणूस कसा उठणार? फॉर्म भरून झाला, सही झाली, मग बाईंनी वर काय लिहिलंय ते वाचलं. ज्या मुलांना शिकायला जास्त वेळ लागतो अशा मुलांना शिकवण्याचा तो अभ्यासक्रम होता. "मला पण वेळच लागतो," असं म्हणून त्या घरी आल्या. घरी आई म्हणाली, "गणिताचं काय झालं?" बाई म्हणाल्या, "रांग फार होती."

पहिल्या नोकरीत त्यांच्या वाट्याला नऊ मुलांचा वर्ग आला. त्यात आठ वर्षांची एक मुलगी होती, तिला फ्रॉकचं बटण लावायला शिकवायचं होतं. बाई रोज सांगायच्या, "बटण लाव." मुलगी रोज बटणाकडे बघायची, मग बाईंकडे बघायची, आणि दोघींना एकमेकींची कीव यायची. असे तीन आठवडे गेले. शेवटी एका संध्याकाळी बाई घरी आरशापुढे बसल्या आणि स्वतःच्या स्वेटरचं एक बटण अगदी सावकाश लावून पाहिलं. डाव्या हातानं कड धरायची. उजव्या हाताच्या दोन बोटांत बटण उभं धरायचं. भोकाशी आणायचं. अर्धं आत ढकलायचं. मग पलीकडून दुसऱ्या हातानं... तोपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की बटण लावणं हे एक काम नाहीच, ती चौदा कामं आहेत, आणि आपण त्या पोरीला चौदा मजल्यांची इमारत एका उडीत चढायला सांगत होतो. दोन महिन्यांनी मुलीनं बटण लावलं. मग काढलं. मग पुन्हा लावलं. मग वर्गातल्या सगळ्यांची लावली आणि शेवटी बाईंच्या स्वेटरचीही लावली, एक सोडून एक.

तिथून बाईंना वेड लागलं ते लागलंच. दिसेल त्या कामाच्या त्या पायऱ्या पाडू लागल्या. दात घासणे, तेवीस. दप्तर भरणे, अठरा. फोन उचलून "कोण बोलतंय?" विचारणे, बारा. पुढे त्या कॉलेजात शिकवायला लागल्या तेव्हा शिक्षक होऊ पाहणाऱ्या पोरापोरींनी त्यांचं नाव पायरीबाई ठेवलं. बाईंना ते कळलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "सर्वांनुमते ठरलं ना?"

पीएचडीचा विषय होता मोजा. म्हणजे शिकायला वेळ लागणाऱ्या मुलांना मोजा घालायला कसं शिकवावं, हा. लग्न तेव्हा नुकतंच झालेलं. सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या अभिमानानं सांगायचे, "सूनबाई पीएचडी करताहेत."

"अरे वा! कशात?"

"शिक्षणात."

"शिक्षणात म्हणजे नेमकं कशात?"

सासरे इथे खाकरायचे. "कपड्यांच्या अंगानं आहे जरा."

आतून सासूबाई ओरडायच्या, "मोज्यात करतेय! दोन वर्षं झाली. डावा पाय झालाय, उजवा राहिलाय."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षकही याच वळणावर गेले. म्हणाले, "मोजा काय हो, कुणीही घालतं. त्याच्या एक्केचाळीस पायऱ्या कशाला?" बाई म्हणाल्या, "सर, तुमचाच मोजा काढा आणि घालून दाखवा. मी प्रत्येक हालचाल मोजते." परीक्षक जिद्दीचे होते, त्यांनी बूट काढला. मोज्याला अंगठ्यापाशी चांगलं रुपयाएवढं भोक होतं. उरलेले प्रश्न त्यांनी आटोपते घेतले.

बाईंचे यजमान मोजणी खात्यात होते. जमिनी मोजायच्या, नकाशे काढायचे. माणूस अबोल, पण अक्षर असं की छापल्यासारखं. बाईंचे सगळे तक्ते त्यांच्याच हातचे. पद्धत ठरलेली होती. बाई घरी ते काम प्रत्यक्ष करायच्या आणि करताना मोठ्यानं सांगायच्या. यजमान वही घेऊन मागे उभे राहून पायरी पायरी उतरवून घ्यायचे. प्रत्येक पायरीपुढे एक रिकामा चौकोन, झालं की मुलानं त्यात खूण करायची. एकोणतीस वर्षांत असे एकशे बारा तक्ते झाले. कॉलेजाला जोडून एक लहानशी सराव शाळा होती, बावीस मुलांची; तिच्या भिंती या तक्त्यांनी भरून गेल्या. शिकाऊ शिक्षक आधी तिथे हात बसवायचे, मग बाहेर जायचे.

सगळं छान चाललं होतं, पण बाईंच्या मनात एक काटा होता. त्यांची मुलं बटण लावायला शिकली, बसनं जायला शिकली, दुकानातून साबण आणायला शिकली. पण शाळा संपली की घरी बसायची. एकोणतीस वर्षांत त्यांच्या एकाही विद्यार्थ्याला बाहेर नोकरी लागली नव्हती. आणि बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

याच सुमाराला गोष्ट बरोब्बरची सुरू होते.

बरोब्बर म्हणजे सराव शाळेतली सर्वांत जुनी विद्यार्थिनी. सातव्या वर्षी आली होती, आता वीस वर्षांची. हळूहळू वाचता यायचं, खुणा करता यायच्या, आणि हातात घेतलेलं काम ती इतक्या इमानानं करायची की बघणाऱ्याला घाम फुटायचा. एक पायरी झाली की चौकोनात खूण करायची आणि खणखणीत आवाजात म्हणायची, "बरोब्बर!" मधे कुणी हाक मारली, पंखा बंद पडला, कुत्रं भुंकलं, तरी तिची पुढची पायरी ठरलेली असायची. वडील नव्हते. आई घरी शिवणकाम करायची, तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय. दर महिन्याला शाळेत यायची आणि दर महिन्याला एकच वाक्य अर्धं बोलायची. "बाई, मी आहे तोवर ठीक आहे, पण..." पुढचं वाक्य टाचण्यांत अडकायचं. बाईंनाही ते कधी पूर्ण करून घ्यायचं धाडस झालं नाही.

आणि मग कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेतल्या ब्युरेटकाकांचे गुडघे गेले.

ब्युरेट म्हणजे प्रयोगशाळेत स्टँडला अडकवलेली ती काचेची उभी नळी, उंच, बारीक, खाली तोटी असलेली. काका अगदी तसेच होते आणि बोलायचेही थेंब थेंब. प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता उभं राहवेना, म्हणून हाताखाली माणूस हवं होतं. कायमची जागा, पगाराची.

बाई दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांच्या केबिनमधे.

"मॅडम, काचेचं काम आहे," प्राचार्य म्हणाले. ते मनानं वाईट नव्हते, पण कुठलाही निर्णय घेताना त्यांच्या पोटात दुखायचं. "आणि मुलगी बिचारी..."

"बिचारी नाही. बरोब्बर," बाई म्हणाल्या.

ब्युरेटकाकांना बोलावलं. ते दारात उभे राहून म्हणाले, "काच फुटते." बऱ्याच वेळानं पुढचा थेंब पडला. "माणसाचं बोट कापतं." आणि मग शेवटचा. "मला त्रास नको."

शेवटी असं ठरलं की सहा महिने शिकवायचं आणि मग कॉलेजच्या मंडळापुढे परीक्षा. वीस बीकर, एक तास, एकही फुटता कामा नये. बाईंच्या अंगात त्या दिवशी काय संचारलं होतं कोण जाणे, त्या स्वतःहून म्हणाल्या, "आणि प्रयोगशाळेत तिच्यासोबत कुणी नसेल. दार बंद. मी तर नाहीच, पण काकाही बाहेर. तिनं काम केलं तर ते तिचंच असलं पाहिजे."

"जमलं तर जागा तिची?" असं बाईंनी तीनदा विचारून घेतलं.

"जमलं तर तिची," प्राचार्य पोटावर हात ठेवून म्हणाले. "नाही जमलं तर मात्र, मॅडम, पुन्हा हा विषय माझ्याकडे आणायचा नाही."

बाई प्रयोगशाळेतून तीन बीकर घरी घेऊन आल्या. स्वयंपाकघरातल्या बेसिनला बूच लावलं, साबणाचं पाणी केलं, पदर खोचला. "अहो, वही घ्या."

"घेतली."

"एक. ॲप्रन घालणे. दोन. बाह्या कोपरापर्यंत वर करणे..."

असं करत करत तक्ता झाला चौतीस पायऱ्यांचा. बीकर दोन्ही हातांनी धरणे, ब्रश आत फिरवणे, तळाला पाच वेळा, सगळे घासून झाले की नळ सोडणे, एकेक धारेखाली तीन वेळा विसळणे, उजेडाला धरून डाग बघणे, स्टँडवर पालथं घालणे. चौतिसावी पायरी बाईंनी मुद्दाम प्रेमानं लिहवून घेतली: "स्टुलावर बसून हाताची घडी घालणे व कोणी येईपर्यंत थांबणे." कारण काम झालं की थांबणं हीसुद्धा शिकवायची गोष्ट आहे, हे त्या दरवर्षी वर्गात सांगायच्या.

सहा महिने बरोब्बरनं शाळेच्या बेसिनवर बीकर धुतले. शेजारी एक शिकाऊ शिक्षिका उभी असायची. पहिल्या आठवड्यात दोन फुटले, दुसऱ्या महिन्यात एक, मग एकही नाही. भिंतीपलीकडच्या वर्गाला दिवसभर "बरोब्बर! बरोब्बर!" ऐकू यायचं. तिथे गणित शिकवणारे सर म्हणायचे, पोरांची चुकलेली उत्तरंसुद्धा बरोबर वाटायला लागली आहेत.

परीक्षेचा दिवस उजाडला. रसायन प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर होती आणि तिच्या बरोबर खाली प्राचार्यांची केबिन. वर बरोब्बरनं ॲप्रन घातला, भिंतीवरच्या तक्त्यापुढे उभी राहिली, दार बंद झालं. दाराबाहेर ब्युरेटकाका स्टूल टाकून बसले, तुरुंगाच्या पहारेकऱ्यासारखे. बरोब्बरची आई जिन्यात उभी राहिली; तिला बस म्हटलं तर ती म्हणे, "मला बसवत नाही." आणि बाई खाली केबिनमधे मंडळाच्या सभासदांपुढे.

मंडळात तिघं होते. प्राचार्य, एक डॉक्टरीणबाई, आणि एक निवृत्त न्यायाधीश, ज्यांच्या डोक्यावर केस असा एकही नव्हता आणि ते डोकं दिव्याखाली छान चमकत होतं. तासभर गप्प कसं बसायचं, म्हणून बाईंनी स्वावलंबन या विषयावर बोलायला सुरुवात केली. त्या बोलायला लागल्या की रंगतात. चाळीस मिनिटांत त्या बटणावरून मोज्यावर आणि मोज्यावरून बसच्या तिकिटावर आल्या.

"म्हणजे बघा, आपण मुलांना मदत करतो असं म्हणतो," बाई म्हणत होत्या, "पण खरं तर आपण त्यांच्या वाट्याचं काम चोरतो. माझ्या तक्त्यात मदतीला जागाच नाही. जे आहे ते सगळं तक्त्यात आहे. त्याबाहेर काही..."

टप्.

न्यायाधीशांनी टक्कल पुसलं आणि शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे संशयानं पाहिलं.

टप् टप्.

"मॅडम, थांबा जरा," न्यायाधीश म्हणाले. "माझ्यावर काहीतरी गळतंय."

चौघांनी माना वर केल्या. छताला एक ओला गोल पडला होता, पुरीएवढा. बघता बघता तो ताटाएवढा झाला. मग त्यातून थेंबांची रीतसर धार लागली आणि टेबलावरच्या बैठकीच्या कागदांवर पडू लागली. प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं, ते बहुधा छतावाटे परत येत होतं.

बाई जिन्यावरून कशा चढल्या ते त्यांना आठवत नाही. त्यांच्याच पद्धतीनं सांगायचं तर बावीस पायऱ्या सात पावलांत. ब्युरेटकाका स्टुलावर तसेच बसलेले. दाराच्या फटीतून पाणी येऊन त्यांच्या चपला भिजल्या होत्या.

"काका! पाणी!"

"आवाज येत होता," काका म्हणाले. "म्हटलं, धुतेय."

"आणि पायाखाली?"

"दार उघडायचं नाही म्हणालात."

बाईंनी दार ढकललं. घोटाभर पाणी. बेसिन काठोकाठ भरून वाहतंय, वर नळ धो धो चालू. स्टँडवर वीस बीकर पालथे, आरशासारखे लखलखीत, एकालाही टवका नाही. आणि मधोमध स्टुलावर, हाताची घडी घालून, बूट पाण्यात, पाठ ताठ, बरोब्बर बसलेली. बाईंना बघून तिचा चेहरा फुलला.

"चौतीस!" ती म्हणाली. "बरोब्बर!"

बाईंनी धावत जाऊन नळ बंद केला. "अगं, नळ का नाही बंद केलास?"

बरोब्बरला प्रश्न समजला नाही असं नाही. तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. "कुठे आहे?"

बाईंनी तक्ता वाचला. एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. नळ सोडणे, होतं. विसळणे, होतं. हात पुसणे होतं, ॲप्रन खुंटीला अडकवणे होतं, हाताची घडी होती. नळ बंद करणे नव्हतं. चौतीसच्या चौतीस चौकोनांत खुणा होत्या, सरळ, एकसारख्या.

तोवर मंडळी वर आली. प्राचार्यांनी पाणी बघितलं आणि सुस्कारा सोडला. त्यात थोडी सुटका होती. "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही खूप केलंत. पण बिचारीला कळत नाही, त्याला आपण काय करणार?"

जिन्यातून बरोब्बरची आई आली होती. तिनं पदर खोचला आणि लादीवरचं पाणी काढायला ती खाली वाकली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. या क्षणी गप्प बसणं सोपं होतं. ओल्या तक्त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि दोन महिन्यांनी बाईंचे एकशे बारा तक्ते पुस्तकरूपानं निघणार होते. सगळ्या शिक्षक महाविद्यालयांत ते लागणार होतं.

"सर," बाई म्हणाल्या, "तिला कळतं. मला कळलं नाही. मी लिहिलेलं तिनं सगळं केलं. मी जे लिहायला विसरले, तेवढंच झालं नाही. नापास कुणाला करायचं असेल तर मला करा."

"पण मॅडम, नळ बंद करायचा हे काय लिहावं लागतं?"

"हेच मी एकोणतीस वर्षं शिकवतेय, की लिहावं लागतं," बाई म्हणाल्या. "आणि मीच..."

न्यायाधीश टक्कल पुसत म्हणाले, "आरोपी कबूल करतोय. निकाल पुढच्या आठवड्यात."

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या त्या सरळ बेसिनपुढे. "अहो, वही घ्या."

"आता कशाला?" यजमान म्हणाले, पण घेतली.

बाई भांडी धुवायला लागल्या, प्रत्येक हालचालीवर डोळा ठेवून. पातेलं घासलं, नळ सोडला, विसळलं, पालथं घातलं, आणि पदराला हात पुसत वळल्या. त्याच क्षणी त्यांच्या खांद्यावरून एक हात आला, नळ बंद करून गेला. दुसऱ्या हातात वही तशीच.

बाई जागच्या जागी खिळल्या. "हे काय केलंत?"

"काय केलं?"

"नळ बंद केलात!"

"मग? रोजच करतो."

"रोज म्हणजे? कधीपासून?"

यजमानांनी मोजणी खात्याच्या सवयीनं विचार केला. "लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. तू नळ कधीच बंद करत नाहीस. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पोरगी गुणाची आहे, नळाचं तू बघ."

"मग तक्त्यात का नाही लिहिलंत?"

"तू बोललीस ते लिहिलं," यजमान शांतपणे म्हणाले. "मी केलं ते कुठे लिहायचं होतं?"

बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी शिकाऊ शिक्षिकेला फोन केला. ती आधी गडबडली, मग म्हणाली, "बाई, मी शेजारी उभी असायचे ना, तर नळ सवयीनं मीच... अय्या!" बाईंनी फोन ठेवला. मदतीला जागाच नाही असं त्या दुपारी छातीठोकपणे सांगत होत्या, आणि इथे अख्खा संसार नि अख्खी शाळा त्यांच्या मागे नळ बंद करत फिरत होती.

रात्रीचं जेवण होईपर्यंत त्यांनी यजमानांना जेरीस आणलं. "आणखी काय काय करता तुम्ही माझ्या मागे?" कपाटाचं दार, दुधावरचं झाकण, दिवे... यजमान सांगत गेले, तशी बाईंची मान खाली जात राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं, पुस्तक थांबवा, एकशे बारा तक्ते पुन्हा तपासायचे आहेत, घरात एकटीनं राहून.

पुढच्या आठवड्यात मंडळ पुन्हा बसलं, या वेळी केबिनच्या दुसऱ्या कोपऱ्यात. बाईंनी नवा तक्ता मांडला, चूक कबूल केली, पुन्हा परीक्षा घ्या म्हणाल्या. प्राचार्य पोट चोळत होते. "मॅडम, आज नळ. उद्या आणखी काही राहिलं असेल तर? आपल्याला काय ठाऊक?"

आणखी काही राहिलं असणारच, हे आता त्यांनाच पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "मी बोलू?"

ब्युरेटकाका. कुणी बोलावलं नव्हतं. गुडघे धरत ते आत आले आणि खिशातून एक बीकर काढून टेबलावर ठेवला.

"त्या दिवशीचा. उजेडाला धरा."

न्यायाधीशांनी धरला. काच आहे की नाही ते कळेना.

"इतकी वर्षं पोरं धुतात," काका म्हणाले. "प्राध्यापक धुतात. मीही धुतो. असा नाही निघत." थेंब थांबला. "पाणी मीही तीनदा सांडलंय. खाली साहेब नव्हते, एवढंच."

"अहो, पण तुम्हालाच ती नको होती ना?" प्राचार्य म्हणाले.

"तिचं काम बघितलं नव्हतं." काकांनी बीकर परत खिशात टाकला. "काम शिकायला तक्ता पुरत नाही. माणूस लागतं. मी आहे. माझी शिकवणी, माझी जबाबदारी."

बाईंना हे शब्द टोचले, आणि त्याच वेळी असं वाटलं की या माणसाला उचलून घ्यावं. तो नळीसारखा होता, उचलता आलाही असता.

दुसरी परीक्षा झाली. दार या वेळी उघडं ठेवलं, सगळे दारात उभे, पण एकानंही आत पाऊल टाकायचं नाही की तोंड उघडायचं नाही. बाईंनी ओठ गच्च मिटले होते, बरोब्बरच्या आईनं टाचण्या धरल्या होत्या. वीस बीकर झाले. बरोब्बरनं विसाव्यानंतर तक्ता वाचला आणि नळ बंद केला. आईनं श्वास सोडला.

मग बरोब्बर थांबली. तिनं बेसिनमधे पाहिलं. साबणाचं पाणी अर्ध्यावर होतं. तक्ता वाचला, पुन्हा पाणी बघितलं. आणि तिनं हात घालून बूच उपसलं. पाणी गुळगुळ करत गेलं. मग तिनं कोपऱ्यातला पोछा आणला आणि बेसिनखालची लादी पुसली. ओली नव्हतीच, तरी पुसली. नीट, कोपऱ्यापर्यंत. आणि मग स्टुलावर जाऊन बसली.

"हे तक्त्यात होतं?" प्राचार्य कुजबुजले.

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "बुचाचं मी परत विसरले. पोछ्याचं तर माझ्या स्वप्नातही नव्हतं."

"मग हिला सांगितलं कुणी?"

"कुणीच नाही. त्या दिवशी आईला पुसताना पाहिलं होतं तिनं."

प्राचार्यांनी तिथेच, काकांच्या स्टुलावर कागद ठेवून सही केली. पोट दुखल्याचं दिसलं नाही. आईनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, पदराला टोचल्या, आणि म्हणाली, "बाई, मी आहे तोवर ठीक आहे..." आणि पुढे तिला "पण" सापडेना.

नोकरीच्या पहिल्या सोमवारी बाई साडेनवापासून प्रयोगशाळेच्या बाहेर घुटमळत होत्या. हातात नवा तक्ता, सदतीस पायऱ्यांचा, यजमानांच्या सुरेख अक्षरात. काचेतून दिसत होतं, ब्युरेटकाका स्टुलावर बसून काहीतरी थेंब थेंब सांगताहेत आणि बरोब्बर मान हलवतेय. भिंतीवर जुना, भिजून सुरकुतलेला तक्ताच होता. त्यात पेन्सिलीनं, वेड्यावाकड्या अक्षरात, खाली काही ओळी वाढवलेल्या. बाईंनी दार हळूच ढकललं.

"अगं, हा नवा..."

बरोब्बर वळली. कोपरापर्यंत फेस, हातात बीकर, दोन्ही हातांनी धरलेला.

"बाई, नंतर या," ती म्हणाली. "मी कामावर आहे."

आणि तिनं कोपरानं दार लावून घेतलं.

बाई बाहेर व्हरांड्यात उभ्या राहिल्या. करायला काहीच उरलं नव्हतं. असा मोकळा वेळ त्यांना एकोणतीस वर्षांत मिळाला नव्हता, आणि तो कसा घालवायचा याचा एकही तक्ता त्यांच्याकडे नव्हता. थोडा वेळ त्या तिथेच थांबल्या, आतला पाण्याचा आवाज ऐकत. मग तो थांबला, तेव्हा घरी निघाल्या.